ऊन, पाणी आणि आपली वस्ती : शहराच्या आरोग्याचा इतिहास काय शिकवतो?



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका म्हटली की विहार कसे उभे राहिले, जागा कशी मिळाली, विटा कोणी वाहिल्या, याचा इतिहास तीत येतो. तो लिहिणारी जाणती माणसे आपल्यात आहेत. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा अर्ध्यात सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, मोर्च्यात आणि जिनिंगच्या पाळीत झाले. म्हणून संयोजकांनी चार पाने लिहायला सांगितले तेव्हा आम्ही आमच्या अंगाशी भिडलेला विषय घेतला. तो विषय म्हणजे ऊन. ऊन, पाणी, आजार आणि त्यात कोण मरतो, कोण वाचतो, याचा इतिहास.

कोणी म्हणेल, उन्हाचा कसला इतिहास? मंठ्यात ऊन काय आज पडते? आमचे आजे-पणजे याच उन्हात राबले. खरे आहे. पण ऊन आभाळातून सर्वांवर सारखे पडत असले तरी सावली सारखी वाटलेली नाही. ज्याचे घर आरसीसीचे, ज्याच्या दारात बोअर, त्याचे ऊन वेगळे. आणि ज्याच्या डोक्यावर टिनपत्रे, ज्याची माय डोक्यावर हंडा घेऊन टँकरच्या रांगेत, त्याचे ऊन वेगळे. हा फरक निसर्गाने केलेला नाही, माणसांनी केला आहे. आणि जे माणसांनी केले त्याला इतिहास असतो.

सम्राट अशोकाची झाडे

सावली आणि पाणी हे राज्याचे काम आहे, हा विचार परदेशातून आलेला नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने तो दगडावर कोरून ठेवला. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात तो सांगतो की माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, वाटेवर विहिरी खोदल्या आणि झाडे लावली. दवाखाना, औषध, पाणी आणि सावली ही चारही कामे त्याने एकाच यादीत बसवली. आज मोठमोठे डॉक्टर परिषदा भरवून सांगतात की आरोग्य म्हणजे नुसती गोळी आणि सुई नव्हे, घर, पाणी, हवा हेही आरोग्यच. आपल्या सम्राटाने ते बावीसशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या लेखात विहीर अमक्यासाठी आणि झाड तमक्यासाठी असा भेद नाही. वाटेने जाणारा प्रत्येक जीव त्यात आला. पुढे या देशात विहिरींना जात चिकटली आणि आपल्या पूर्वजांना गावाबाहेर, उघड्या माळावर, नदीच्या खालच्या अंगाला राहावे लागले. पाणी वरून घाण होऊन यायचे ते खाली आपल्या वस्तीत. पटकी आली की पहिली तिरडी कुठून उठत असेल, हे सांगायला वैद्य लागत नाही.

प्लेगने दाखवलेले दोन रस्ते

शहराच्या आरोग्याचा आधुनिक इतिहास आपल्याकडे प्लेगपासून सुरू होतो असे म्हटले तरी चालेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोदीजवळची धान्याची कोठारे, त्यातले उंदीर आणि एका खोलीत दहा-दहा माणसे कोंबलेल्या चाळी. रोगाला आणखी काय पाहिजे होते? गिरण्या ओस पडल्या, लाखो माणसे मुंबई सोडून गावाकडे पळाली.

सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. अधिकाऱ्याला वाटेल ते करण्याचा अधिकार त्याने दिला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून वॉल्टर रँड आला. त्याने घरे तपासायला गोरे सोल्जर पाठवले. दार फोडून आत शिरणे, बायामाणसांची तपासणी, सामान रस्त्यावर फेकणे, हे सगळे आरोग्याच्या नावाने झाले. लोक रोगी लपवू लागले. रोगी लपला की रोग वाढतो. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली आणि तो पुढे मेला. हा एक रस्ता, दांडक्याने आरोग्य शिकवण्याचा.

त्याच साली, त्याच पुण्याच्या वेशीवर दुसरा रस्ता दिसला. सावित्रीमाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीमाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माई कोणत्या खात्याच्या अधिकारी नव्हत्या. पण शहराच्या आरोग्याचे पुढारपण कसे करावे याचा धडा त्यांनी घालून दिला : ज्याच्यापर्यंत कोणी जात नाही, त्याच्यापर्यंत आधी जायचे.

प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते करायचे, हवा खेळवायची, असा त्याचा उद्देश. उद्देश चांगलाच. पण खोल्या पाडण्याचा वेग जास्त आणि गरिबासाठी बांधण्याचा वेग कमी पडला. पाडलेल्या घरातला माणूस शेजारच्या दाटीत शिरला. दाटी हलली, पण मोडली नाही. परळच्या ज्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी १९१२ पासून पुढे वीसेक वर्षे काढली ती याच योजनेतली. दोन लहान खोल्यांत कुटुंब, आणि त्यात त्या माणसाने अभ्यास केला. चाळीतली हवा कशी असते हे त्यांनी कोणाच्या अहवालात वाचलेले नव्हते.

गिरणीची वाफ आणि तळ्याचे पाणी

आता आमच्या धंद्याकडे येतो. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो. म्हणून विणाई खात्यात मुद्दाम ओलावा ठेवत. बाहेर मे महिन्याचे ऊन, आत यंत्रांची उष्णता आणि वर वाफ. ओल्या हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. मुंबईचा गिरणी कामगार तरुणपणीच का खंगायचा, याचे एक कारण या वाफेत होते.

पण इथेही जात होती. विणाई खात्यात मजुरी जास्त, तरी अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो. म्हणजे जिथे पगार चांगला तिथे जात आडवी, आणि जिथे धूळ जास्त, पगार कमी, तिथे आपली माणसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगार एक असेल तर एकाच गिरणीत दोन दारे कशाला?

त्याच्या आधी, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. आपण त्याला हक्काचा लढा म्हणतो आणि तो आहेच. आम्ही त्यात आणखी एक अर्थ पाहतो. तो आरोग्याचाही लढा होता. मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव १९२३ साली पास केला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. कागदावर पाणी सर्वांचे झाले. पण ओंजळ भरायला माणसांना मार खावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये केवढे अंतर असते ते महाडने शिकवले. आजची कोणतीही आरोग्य योजना तपासायची तर आम्ही हीच फूटपट्टी लावतो : ठराव झाला, ओंजळ भरली का?

बाबासाहेबांनी पुढेही हा धागा सोडला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार बाईच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाची बाजू घेतली. १९२९ साली तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात आलेल्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यातला आठवड्याचा कामाचा वेळ ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम १८ लिहिले गेले : कामगारांना पिण्याचे पाणी द्यावे, आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाणी द्यावे.

अडीचशेच्या वर! आता आपल्याकडच्या जिनिंगमध्ये हजेरीपटावर माणसे किती असतात हे आम्ही काय सांगावे? जिनिंगचा धंदा हंगामी, माणसे ठेकेदाराची, नावे अर्धी वहीत, अर्धी हवेत. कायद्याचे थंड पाणी आमच्यापर्यंत येईस्तोवर आटून गेलेले असायचे.

आम्ही जिथे राबलो तिथले नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण तेच चित्र सगळीकडे होते. वर पत्र्याचे शेड, आत सरकी आणि रुईची धूळ, एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की वर बघवत नसे. पाण्याचा रांजण होता. पण बायांसाठी संडास नव्हता. म्हणून आमच्या माय-बहिणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. तहान मारायच्या. दुपारी एखादीला भोवळ यायची, लोक म्हणायचे, ऊन लागलं, कांदा हुंगवा. कांदा हुंगवून ती उठायची आणि पुन्हा ढिगाऱ्याला भिडायची. तिला ऊन लागले होते हे खरे, पण ते लागायला संडास नसणे कारण होते, हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले नाही.

१९७२ चा दुष्काळ

आपला मंठा त्या वेळी परतूर तालुक्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. १९७२ च्या दुष्काळात आम्ही कडेवरची लेकरे. पण त्याच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. खडी फोडायला गावेच्या गावे रस्त्यावर गेली. लाल मिलो खाल्ली, लेकरांनी सुकडी खाल्ली. त्या दुष्काळातून रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, ही मराठी माणसाने देशाला दिलेली मोठी देणगी. पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात कामावर पिण्याचे पाणी, लेकरांसाठी सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असे लिहिले गेले.

या नोंदीकडे नीट पाहा. फावड्या-टोपल्याच्या कामावर सावली हा मजुराचा हक्क म्हणून कायद्यात आला. अशोकाच्या शिलालेखातली सावली दोन हजार वर्षांनी मजुराच्या मस्टरपर्यंत आली. पण ओंजळ भरली का, हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्याने पाहिला. जालना शहरात टँकर हीच नदी झाली होती. ज्याच्याकडे पैसा त्याने पाणी विकत घेतले, ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या पोरींनी शाळा बुडवून रांग धरली. दुष्काळ हा पावसाचा असतो, तहान मात्र वाटपाची असते.

अहमदाबादने मरण मोजले

आता आम्ही ज्या शहराची गोष्ट मुख्यतः सांगणार आहोत तिकडे येतो. ते शहर म्हणजे अहमदाबाद. तेही आपल्यासारख्याच कामगारांचे, कापडगिरण्यांचे शहर. १९८० नंतर तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगार हातगाडी, बांधकाम, भंगार अशा उघड्या उन्हातल्या कामावर फेकला गेला.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उन्हाची लाट आली. २१ मे रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. दवाखान्यांत उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू फार नव्हते. सरकारी कागदावर शहर ठीकठाक होते. पण गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतले डॉ. दिलीप मावळणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढून एक साधी गोष्ट केली. उष्माघाताने किती मेले हे त्यांनी विचारले नाही. त्या महिन्यात एकूण किती मेले आणि एरवीच्या मे महिन्यात किती मरतात, हे विचारले. उत्तर आले : एरवी सुमारे ३,११८, २०१० च्या मे महिन्यात ४,४६२. म्हणजे १,३४४ माणसे जास्तीची गेली होती.

ही माणसे कागदावर कशाने मेली होती? कोणी हृदय बंद पडून, कोणी किडनीने, कोणी म्हातारपणाने. उन्हाची गंमत अशी आहे की ते मारते आणि सही दुसऱ्याची करते. अंगाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायला शरीर घाम काढते. घामाने पाणी आणि मीठ जाते, रक्त दाट होते, हृदयाला जास्त रेटावे लागते, किडनीला पाणी पुरत नाही. अंग ४० अंशांच्या वर तापले आणि माणूस बरळू लागला की तो उष्माघात. मग तासाभराच्या आत अंग थंड केले नाही तर माणूस हाती लागत नाही. पण त्या टोकाला जाण्याआधीच म्हातारे, आजारी, गरोदर बाया आणि तान्ही लेकरे गळून पडतात. रात्रीसुद्धा घर तापलेलेच राहिले तर शरीराला उसंत मिळत नाही. टिनपत्र्याच्या घरात नेमके हेच होते.

अहमदाबाद महापालिकेने हा आकडा दाबला नाही, हे तिचे मोठेपण. २०१३ साली तिने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला हा पहिलाच. त्यात चार कामे होती. एक, हवामानाचा अंदाज काही दिवस आधी घेऊन इशारा द्यायचा. ४३ अंशांच्या वर गेले की एक रंग, ४५ ला पोचले की लाल. दोन, तो इशारा फोन, फलक, वर्तमानपत्र आणि वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविका यांच्याकडून घरोघर न्यायचा. तीन, डॉक्टर आणि १०८ च्या गाडीवरच्या लोकांना उष्माघात ओळखायला शिकवायचे, बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या. चार, पाणपोया वाढवायच्या, सावलीच्या जागा खुल्या ठेवायच्या. या सगळ्याला महापालिकेत एक जबाबदार अधिकारी. इशारा आला की कोणी काय करायचे ते आधीच ठरलेले.

यात कुठे मोठे यंत्र आहे? कुठे कोट्यवधीचा पूल आहे? बहुतेक काम माणसांनी माणसांना सांगण्याचे. आणि फळ काय मिळाले? पुढे अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा असे निघाले की आराखड्यानंतर वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले.

एक उदाहरण आम्हाला फार आवडते. तिथल्या महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणी आणि नवजात बाळांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. २०१० च्या लाटेत बाळे तापाने फणफणून दाखल होऊ लागली. डॉक्टरांनी विभाग खालच्या मजल्यावर आणला आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांचे प्रमाण खूप घटले. औषध तेच, डॉक्टर तेच, फक्त मजला बदलला. गरिबाचे बाळ छताखाली ठेवायचे की जमिनीजवळ, एवढ्या निर्णयात जीव होता.

त्याच शहरातल्या सेवा या संघटनेचेही नाव घेतले पाहिजे. गिरणी कामगारांच्या मजूर महाजन या युनियनमधूनच १९७२ साली इला भट्ट यांनी ती उभी केली, हातगाडीवाल्या, ओझे वाहणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या बायांची. अलीकडे या बायांसाठी उन्हाचा विमा निघाला आहे. पारा ठरलेल्या अंशांच्या वर गेला की खात्यावर काही रक्कम जमा. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायांना ती मिळाली. रक्कम थोडी असते, पण दुपारी घरी बसायची मुभा तिने मिळते. उन्हात जाऊ नका, हा उपदेश फुकटचा असतो; रोजंदारीवाल्याला उन्हात न जाण्याची किंमत पडते. ती किंमत कोण भरणार, हा समतेचा प्रश्न आहे.

चिकागो, नागपूर, खारघर

असे समजू नका की हे फक्त गरीब देशाचे दुखणे. अमेरिकेतल्या चिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये पाच दिवसांच्या उन्हाच्या लाटेत ७३९ माणसे जास्तीची मेली. वीज होती, दवाखाने होते, पैसा होता. मेले कोण? एकटे राहणारे म्हातारे, पडक्या वस्त्यांतले गरीब, आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांना मोठा फटका. ज्याच्या दारावर कोणी थाप मारली तो वाचला.

आपल्या महाराष्ट्रात नागपूर महापालिकेने २०१६ मध्ये अहमदाबादच्या धर्तीवर आराखडा घेतला. दवाखान्यांत थंड खोल्या, पाणपोया, दुपारी बागा उघड्या. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि शहराच्या कोणत्या भागात जमीन जास्त तापते ते मांडले. जिथे पत्रे जास्त आणि झाडे कमी, तिथे ताप जास्त. नकाशा काढला तर तो आपल्याच वस्त्यांचा निघतो. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. माणसे श्रद्धेने आली होती. सावलीची सोय कार्यक्रमपत्रिकेत पहिली असायला हवी, हा धडा आपल्यासारख्या जयंत्या, मेळावे, धम्म परिषदा भरवणाऱ्यांनीही घ्यायचा आहे. चौदा एप्रिल हा काही थंडीचा महिना नाही.

मंठ्यात काय करता येईल?

मोठ्या शहरांची गोष्ट वाचून आपण म्हणतो, ते महापालिकेचे काम, आपल्याकडे नगरपंचायत. पण अहमदाबादने जे पहिले काम केले त्याला महापालिका लागत नाही, वही लागते. आपल्या गावात एप्रिल-मे मध्ये किती माणसे गेली आणि डिसेंबर-जानेवारीत किती, याची नोंद जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात असते. मागच्या दहा वर्षांची ती नोंद आपल्या शिकलेल्या पोरांनी मागावी, वस्तीवार लावावी. मग ऊन आपल्याकडून दरसाल किती कर वसूल करते ते दिसेल. न मोजलेले मरण हे कोणाच्याच जबाबदारीत येत नाही.

दुसरे, वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची, गरोदर बायांची, बिछान्यावरच्या आजाऱ्यांची यादी विहारात असावी. इशारा आला की युवकांनी दिवसातून दोनदा त्यांच्या दारावर थाप मारावी. चिकागोत जे झाले नाही ते मंठ्यात होऊ शकते. आपल्याकडे शेजार अजून जिवंत आहे.

तिसरे, विहाराचे दार दुपारी बारा ते चार उघडे राहावे. छताला चुन्याचा पांढरा हात, दोन माठ, मीठ-साखरेचे पाणी आणि ओआरएसची पाकिटे. पांढरे छत ऊन परत फेकते, ही गोष्ट टिनपत्र्यालाही लागू आहे; एका चुन्याच्या गोणीत किती घरे होतील याचा हिशेब करावा.

चौथे, कामाची वेळ. उन्हाळ्यात जिनिंगची, बांधकामाची, रोजगार हमीची पाळी पहाटे लवकर सुरू करून अकराला थांबवावी आणि मजुरी कापू नये, अशी मागणी सगळ्यांनी मिळून करावी. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये आपल्या तालुक्यातली पोरे हजार अंशांच्या वर तापलेल्या लोखंडासमोर उभी राहतात. बाहेर ४३ आणि समोर भट्टी. त्यांना ठराविक वेळाने विश्रांती आणि थंड पाणी हे मालकाच्या मेहेरबानीवर सोडता येणार नाही.

पाचवे, जिथे बाया काम करतात तिथे संडास. आम्ही हे मुद्दाम आरोग्याच्या यादीत घालतो. संडास नाही म्हणून पाणी न पिणारी बाई ही उन्हाची पहिली शिकार आहे, आणि तिचे नाव अजून कोणत्याही आराखड्याच्या पहिल्या पानावर आलेले नाही.

हे सगळे करताना कोणी तरी पुढे व्हावे लागेल. शहराच्या आरोग्याचे पुढारपण म्हणजे खुर्ची असे आम्ही मानत नाही. रँडकडे खुर्ची होती, सोल्जर होते, कायदा होता. लोक त्याच्यापासून रोगी लपवत होते. माईंकडे पाठ होती आणि तिच्यावर एक लेकरू होते. लोक कोणाकडे गेले, ते इतिहासाने नोंदवले आहे.

ही स्मरणिका कपाटात जाईल, मग पुन्हा उन्हाळा येईल. पोळणारा पत्रा, रिकामा रांजण आणि कोपऱ्यातल्या खोलीत एकटी पडलेली आजी. तिच्या दारावर थाप मारणारा हात आपल्या विहारातून निघावा, एवढीच या वर्धापन दिनी आमची अपेक्षा. फेब्रुवारीच्या शेवटी यादी करायला बसू. वही आम्ही आणतो.

नमो बुद्धाय! जय भीम!